थोडी घेतली तर चालेल का, डॉक्टर?

आषाढी होऊन आठवडा झाला होता. ओपीडीच्या बाकावर दोघे शेजारी शेजारी बसले होते. एक साठी ओलांडलेले, गळ्यात तुळशीची माळ, नुकतेच पंढरीहून परतलेले. दुसरा चव्वेचाळीस वर्षांचा ऊस बागायतदार, पोट शर्टाच्या बटणांना ताण देणारं. दोघांच्या हातात सोनोग्राफीचा रिपोर्ट होता आणि दोन्ही रिपोर्टांवर तीच ओळ होती: फॅटी लिव्हर, ग्रेड २.

बाबा चिडलेले होते. "साहेब, चाळीस वर्षं झाली माळ घालून. थेंबाला शिवलो नाही. आता सोयरे म्हणत्यात, लिव्हर खराब झालं म्हंजी बाबा लपून घेत असणार."

दुसऱ्याचा चेहरा मात्र खुलला होता. "बघा की सर, माळकऱ्याला तेच अन् मलाही तेच. म्हंजे माझं काय दारूनं झालेलं नाही. मग थोडी घेतली तर चालंल ना? गटारी आलीय तोंडावर."

(ओळख पटू नये म्हणून दोघांचेही तपशील मी थोडे बदलले आहेत.)

दोघांचीही समजूत चुकीची होती. बाबांच्या सोयऱ्यांना वाटतं, लिव्हरचा आजार म्हणजे दारूच. बागायतदाराला वाटतं, न पिणाऱ्यालाही होतो, म्हणजे आपली दारू निर्दोष सुटली. पहिल्या समजुतीने माणसाची अब्रू जाते, दुसरीने जीव जातो.

यकृतात चरबी साठण्याच्या वाटा मुख्यतः दोन. एक खाण्याची आणि बैठ्या जगण्याची: पोटाचा घेर, मधुमेह, वाढलेली रक्तातली चरबी, रक्तदाब. दुसरी दारूची. भारतातल्या निरनिराळ्या पाहण्यांचा एकत्रित आढावा दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये मांडला. त्यात शंभरातल्या सुमारे ३८ प्रौढांना पहिल्या प्रकारचं फॅटी लिव्हर असल्याचं दिसलं. त्यात माळकरी आहेत, कधीही न पिणाऱ्या बायका आहेत, शिक्षक आहेत, दुकानदार आहेत. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मधुमेह, रक्तदाब, कर्करोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात फॅटी लिव्हरचाही समावेश केला, तो याच कारणाने.

घोळ वाढवला तो नावाने. कित्येक वर्षं या पहिल्या प्रकाराला 'नॉन अल्कोहोलिक' फॅटी लिव्हर म्हणत. म्हणजे एक तर तुम्ही दारूवाले, नाहीतर बिनदारूवाले. प्रत्यक्षात माझ्यासमोर येणारे बरेचसे पुरुष या दोहोंच्या मधले असतात. पोट सुटलेलं आहे, साखर वाढलेली आहे आणि आठवड्यातून दोन-चारदा बसणंही आहे. २०२३ मध्ये जगभरच्या यकृततज्ज्ञांनी हे जुनं नाव मोडीत काढलं. आजार चयापचयाच्या बिघाडातून आहे असं नव्या नावात सांगितलं आणि जे दोन्हीकडचे आहेत त्यांच्यासाठी 'मेट-एएलडी' असा वेगळा खाना केला. माझ्या मते गेल्या काही वर्षांत या आजाराबाबत झालेलं सर्वात उपयोगी काम हेच.

दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की काय होतं, ते मी त्या बागायतदाराला त्याच्याच भाषेत सांगितलं. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाना कसा चालतो हे कुणाला सांगावं लागत नाही. हंगामात यार्डात उसाच्या गाड्या नंबर लावून उभ्या असतात आणि गव्हाणीची रोजची क्षमता ठरलेली असते. समजा, रोज एक बिगरनंबरी गाडी थेट गव्हाणीवर आली आणि तीच आधी घ्यावी लागली, तर बाकीच्यांचं काय होईल? ऊस यार्डात वाळेल.

यकृतात दारू ही अशी बिगरनंबरी गाडी आहे. पिठूळ पदार्थांतली साखर शरीर साठवून ठेवू शकतं, चरबीही साठवू शकतं. दारू साठवायला शरीरात जागाच नाही, त्यामुळे यकृताला हातातलं काम टाकून ती आधी जाळावी लागते. ती जळत असते तोवर चरबी जाळण्याचं काम थांबतं, उलट नवी चरबी तयार करण्याला जोर येतो. न जळलेली चरबी यकृताच्या पेशींतच साठते. त्यात ज्याचं पोट सुटलंय, ज्याच्या शरीरात इन्सुलिन नीट चालत नाही, त्याच्या यार्डात आधीच क्षमतेपेक्षा जास्त ऊस उभा असतो.

एवढ्यावर भागलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण दारू जळताना मध्ये ॲसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य तयार होतं. ते यकृताच्या पेशी दुखावतं. दारूने आतड्याचं अस्तरही ढिलं पडतं, आतल्या जंतूंचे अंश रक्तातून यकृताकडे येतात आणि तिथे सूज धरते. सूज वर्षानुवर्षं राहिली की जखम भरून काढणाऱ्या पेशी तिथे तंतू विणायला लागतात, व्रण पडतात. व्रणांचं जाळं सगळीकडे पसरलं की त्याला आपण सिरॉसिस म्हणतो. चरबी उतरवता येते, सूजही उतरते. व्रण मात्र हळूहळूच मागे हटतात आणि एका टप्प्यानंतर हटायचं नावच घेत नाहीत.

आता मूळ प्रश्न, 'थोडी' म्हणजे किती? दारूच्या बाबतीत या शब्दाइतका फसवा शब्द नाही, म्हणून मी ग्रॅममध्ये हिशोब करतो. बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेली १८० मिलीची क्वार्टर घ्या. तिच्यात शुद्ध अल्कोहोल साधारण ६१ ग्रॅम असतं. ६५० मिलीची साधी ५ टक्क्यांची बिअर म्हणजे २५ ग्रॅमच्या आसपास आणि तीच स्ट्राँग, ८ टक्क्यांची असेल तर ४१ ग्रॅम. 'मी फक्त बिअर घेतो' म्हणणाऱ्याने दोन स्ट्राँग घेतल्या, तर तो क्वार्टरच्या कितीतरी पुढे गेला. देशी घेणाऱ्यांनीही बाटलीवरचे टक्के आणि मिली बघून हाच गुणाकार करावा: मिली गुणिले टक्के, भागिले शंभर आणि त्याला पुन्हा ०.८ ने गुणायचं. पाणी किती घातलं, सोडा घातला की कोल्ड्रिंक, याने ग्रॅम बदलत नाहीत. कोल्ड्रिंक घातलं तर उलट साखर वाढते.

"आठवड्यातनं किती वेळा?" मी विचारलं.

"तीनदा. एक एक क्वार्टर. जास्त नाही."

म्हणजे १८० ग्रॅमच्या थोडं वर. नव्या वर्गवारीत पुरुषांसाठी मेट-एएलडीचा खाना आठवड्याला २१० ग्रॅमला सुरू होतो, बायकांसाठी १४० ला. या हिशोबाने तो रेषेच्या अलीकडे होता. पण दाराशी त्याची बायको उभी होती. तिने इतका वेळ एक शब्दही काढला नव्हता. आता हळूच म्हणाली, "बाजारच्या दिवशीचं सांगितलं का? अन् मॅच असली म्हंजे?"

मग तीनाचे पाच झाले. पाच म्हणजे ३०५ ग्रॅम. माझा अनुभव असा की नवरा सांगतो आणि बायको सांगते या दोन आकड्यांत बायकोचाच रक्ताच्या रिपोर्टशी जुळतो. म्हणून शक्य असेल तेव्हा हा प्रश्न मी दोघांसमोर विचारतो.

तरीही समजा तो रेषेच्या अलीकडेच होता. तरी चाललं असतं का? ही रेषा आजाराचं नाव ठरवण्यासाठी आहे, 'इथपर्यंत प्या' असं सांगण्यासाठी ती आखलेली नाही. स्कॉटलंडमधल्या नऊ हजारांहून अधिक पुरुषांचा जवळपास तीन दशकं माग ठेवलेला एक अभ्यास २०१० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. आठवड्याला १५ युनिट किंवा जास्त पिणारे, पण अंगाने बेताचे किंवा सडपातळ असलेले, यांचा यकृताच्या आजाराने मरण्याचा धोका तशाच अंगाच्या न पिणाऱ्यांच्या सुमारे तिप्पट निघाला. तेवढीच पिणाऱ्या लठ्ठ पुरुषांचा मात्र जवळपास १९ पट. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी तो दोनदा तपासला होता. ब्रिटिश युनिट ८ ग्रॅमचं असतं, म्हणजे १५ युनिट झाले १२० ग्रॅम. आपल्याकडच्या मापात सांगायचं तर आठवड्याला दोन क्वार्टर. दोन! ज्याला आपल्याकडे कुणी पिणारा म्हणतच नाही, असा माणूस.

फिनलंडमधल्या अभ्यासात तर फॅटी लिव्हर असलेल्या आठ हजारांवर लोकांमध्ये कमी प्रमाणात पिणाऱ्यांनाही पुढे गंभीर यकृतविकार होण्याचा धोका कधीच न पिणाऱ्यांपेक्षा जास्त दिसला. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये दारूचं कुठलंच प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असं स्पष्ट केलं आहे. तेव्हा फॅटी लिव्हर असेल आणि त्यासोबत पोट, साखर, रक्तदाब यांपैकी काही असेल, तर 'थोडी चालेल का' याला माझं उत्तर 'नाही' असंच आहे.

इथे हमखास दुसरा मुद्दा येतो. "आपण देशी घेत नाही सर, चांगली घेतो." यकृताला लेबल वाचता येत नाही. महाग बाटलीतलं इथेनॉल आणि 'सरकारमान्य' पाटीच्या दुकानातलं इथेनॉल हा एकच रेणू आहे. बनावट दारूचा धोका वेगळा, तो खराच आहे. नगर तालुक्यातल्या पांगरमलला फेब्रुवारी २०१७ मध्ये विषारी दारूने घेतलेले बळी जिल्हा विसरलेला नाही. पण त्या आठवणीचा एक उलटा परिणाम मी पाहतो. दारूने मरण म्हणजे बनावट दारूने मरण, असं लोकांच्या मनात बसलं आहे. विषारी दारू दोन दिवसांत मारते, त्याची बातमी होते. चांगल्या दारूने वीस वर्षांनी आलेल्या मरणाची बातमी होत नाही, दहाव्याच्या पत्रिकेवर 'अल्पशा आजाराने' एवढंच छापलं जातं.

जाता जाता एक गंमत. महाराष्ट्रात आजही १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि पिण्यासाठी परवाना लागतो. हा परवाना देण्याचं कारण म्हणून कागदोपत्री काय धरलं जातं? प्रकृती राखणे! अशा परवानाधारकांच्या प्रकृतीचे रिपोर्ट मी रोज बघतो.

सोनोग्राफीतल्या 'ग्रेड'बद्दल बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहेत. ग्रेड १, २, ३ म्हणजे चरबी किती दिसते एवढंच. व्रण किती पडलेत ते त्यातून कळत नाही. ग्रेड १ असूनही व्रण बरेच असू शकतात. सिरॉसिस पुढे गेला की चरबी उलट कमी दिसू लागते, तेव्हा ग्रेड उतरला म्हणून पेढे वाटू नयेत. एसजीओटी, एसजीपीटी नॉर्मल आले म्हणजे सगळं ठीक, असंही नाही.

व्रणांचा अंदाज घेण्याची एक स्वस्त रीत आहे, ती मला फार आवडते, कारण तिला यंत्र लागत नाही. तिचं नाव फिब-फोर. वय गुणिले एसजीओटी. त्याला प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ, याने भागायचं. मोबाइलवर हिशोब होतो. उत्तर १.३ च्या खाली आलं तर व्रण फारसे नसावेत, २.६७ च्या वर गेलं तर पुढची तपासणी टाळू नये. पासष्टीपुढच्यांसाठी खालची मर्यादा २ धरतात. ही केवळ चाळणी आहे, निदान नव्हे. पण सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात घेऊन आलेल्या प्रत्येकाने डॉक्टरांना 'माझा फिब-फोर किती?' असं जरूर विचारावं.

बाबांचा आला १.२. बागायतदाराचं वय ४४, एसजीओटी ७८, एसजीपीटी ५२, प्लेटलेट १ लाख ३० हजार. उत्तर ३.७ च्या जवळ. सोनोग्राफीच्या कागदावर दोघं सारखेच होते, यकृताच्या आत दोघांत वर्षांचं अंतर पडलेलं होतं. एसजीओटी हा एसजीपीटीपेक्षा दीडपट, हीसुद्धा दारूकडे बोट दाखवणारी खूण. त्याला फायब्रोस्कॅनसाठी पाठवलं. व्रण बरेच निघाले, सिरॉसिस मात्र अजून झाला नव्हता.

आणि या सगळ्या काळात त्याला काय त्रास होता? काही नाही. जेवण जात होतं, शेतात राबत होता. सोनोग्राफी केली ती मुतखड्याच्या शंकेने. यकृत दुखत नाही, ते गप्प बसून सोसतं. दुखायला लागतं तेव्हा पोटात पाणी झालेलं असतं, पाय सुजलेले असतात, एखाद्या रात्री रक्ताची उलटी होते किंवा माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागतो. आणखी एक गोष्ट इथे मला कळकळीने सांगायची आहे. पिणाऱ्या माणसाचे डोळे पिवळे झाले की आपल्याकडे घरचे त्याला आधी कावीळ उतरवणाऱ्याकडे नेतात. कुणी माळ बांधतं, कुणी चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पिवळं पाणी दाखवतं, कुणी झाडपाल्याचा काढा देतं. यात जे दहा-पंधरा दिवस जातात, तेच उपचाराचे दिवस असतात. दारूच्या हिपॅटायटिसची तीव्र कावीळ महिन्या-दोन महिन्यांत माणूस नेऊ शकते. मेडिकलमधून आणलेलं 'लिव्हर टॉनिक'ही तसंच. रात्री बाटली आणि सकाळी दोन चमचे टॉनिक, हा व्यवहार यकृताला मान्य नाही.

आता आशेचं. दारूमुळे साठलेली चरबी दारू पूर्ण थांबवल्यावर दोन ते सहा आठवड्यांत बरीच उतरते. मला हे पुस्तकाआधी श्रावणाने शिकवलं. आपल्याकडचे कितीतरी पक्के पिणारे श्रावण कडक पाळतात. गटारीला पिऊन घेतात, ते सोडा. पण नंतर महिनाभर हात लावत नाहीत. पुढे गणपती उठेपर्यंत ओढतात, काहीजण मोहटादेवीच्या नवरात्राचे नऊ दिवस धरतात. त्या दिवसांत केलेल्या तपासण्यांत एसजीओटी, जीजीटी खाली आलेले मी वर्षानुवर्षं बघतो आणि दिवाळीनंतर पुन्हा चढलेले. म्हणजे थांबणं जमतं. ज्याला चाळीस दिवस जमलं त्याला 'मला सोडता येत नाही' असं म्हणायचा हक्क उरत नाही, निदान माझ्या ओपीडीत तरी.

एका गोष्टीची मात्र सावधगिरी हवी. जे रोज, भरपूर पितात, सकाळी हात कापतात म्हणून घोट घेतात, त्यांनी एकदम स्वतःच्या मनाने बंद करू नये. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास, घाम, बडबड सुरू होऊ शकते आणि ते जिवावर बेततं. घरच्यांना वाटतं बाहेरचं लागलं. अशांनी दवाखान्यात भरती होऊन, गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्वाच्या आधाराने सोडावी. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आधारासाठी १४४१६ हे सरकारी मोफत फोन आहेत.

ज्यांची वाट खाण्याची आहे त्यांना वजन उतरवावं लागतं. पाच टक्के उतरलं की चरबी कमी होते, सात ते दहा टक्क्यांना सूज हटते, दहाच्या पुढे व्रणही मागे येण्याची शक्यता असते. एका क्वार्टरमध्ये सव्वाचारशे कॅलरी असतात, त्यात चखण्याचे शेंगदाणे, शेव आणि ढाब्यावरचं मटण वेगळंच. त्यामुळे पिणाऱ्याने दारू सोडली की वजनाचं अर्धं काम होतं. बाबांचं काम त्या मानाने अवघड होतं. दिवसातून सहा कप साखरेचा चहा आणि एकादशीला दोन वेळा साबुदाण्याची खिचडी. खिचडीला मी हात घातला तेव्हा बागायतदारापेक्षा बाबाच जास्त नाराज झाले.

त्या वर्षी बागायतदाराने गटारीच केली नाही. दसऱ्यानंतर आला तेव्हा ८६ किलोचा ८१ झाला होता, एसजीओटी ३६ वर, फिब-फोर २ वर. हा आकडा उतरण्यात एसजीओटीचा वाटा मोठा, व्रण पुसले गेले असा त्याचा अर्थ नाही, हे मी त्याला समजावलं. फायब्रोस्कॅन वर्षाने पुन्हा करायचा ठरला.

"मग दिवाळीला एकच, सर? पाव्हणे येणारेत."

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी केसपेपरवर पुढची तारीख घातली, दिवाळीनंतरच्या सोमवारची, आणि खाली एसजीओटी, जीजीटी लिहिलं.

बाबाही त्याच आठवड्यात येऊन गेले. चार किलो उतरले होते, चहा दोन कपांवर आला होता. तपासून झाल्यावर रेंगाळले. त्यांना सोयऱ्यांना दाखवायला एक चिठ्ठी हवी होती. मी त्यांच्या केसपेपरवर मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून दिलं: सदर आजार दारूमुळे झालेला नाही. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "शिक्का बी मारा साहेब."